फोटोत मी आहे, हिरू नाही

मित्रांनो, मला आता चाकं उरलेली नाहीत, त्यामुळे तुम्ही मला ओळखणार नाही. पोशीर गावातल्या एका घरात चुलीजवळ मी पडलेली असते आणि घरातली माणसं मला पाट म्हणतात. बसायला उपयोगी पडते म्हणून पाट. पण मी उतारावरून उभ्याने चालवायची गाडी होते. माझी मालकीण हिरू हिने माझ्यावर उभं राहून खोपोलीत भर बाजारासमोर शर्यत जिंकली होती. ही गोष्ट तुम्हाला दुसरं कोणी सांगणार नाही, म्हणून मला सांगावी लागते आहे.

मी ऐनाच्या लाकडाची. कळंबच्या वरच्या अंगाला रान होतं, तिथे मी वाढले. तोडल्यावर माझी आधी एका ट्रकच्या फाळक्यात भरती झाली. फाळका म्हणजे ट्रकच्या मागचं खाली पाडता येणारं दार. अकरा वर्षं मी घाट चढले आणि उतरले. कांद्याची पोती, सिमेंट, कागदाचे मोठे गुंडाळे, सगळं माझ्या अंगाला टेकून गेलं. मग तो ट्रक भंगारात निघाला. खोपोलीत घाटाच्या पायथ्याशी गॅरेजं होती. त्यातल्या एका गॅरेजात मालोजी घारे ट्रकच्या बॉडीचं सुतारकाम करायचे. मूळचे कडावचे, भाताचं शेत भावाच्या हवाली करून इथे आलेले. त्यांनी फाळका मोडला, सगळ्या फळ्या ठोकून पाहिल्या आणि एक चांगली वाजणारी फळी घरी नेली. ती मी.

ते साल होतं एकोणीसशे त्र्याहत्तर. मालोजींची मुलगी हिरू तेव्हा बारा वर्षांची होती. त्यांची खोली एका लांब उताराच्या मध्यावर होती. उताराच्या माथ्यावर पाण्याची टाकी, टाकीखाली नळ, आणि पार खालच्या टोकाला बाजार. हिरू रोज सकाळी तेलाचा रिकामा डबा घेऊन वर जायची आणि पाण्याने भरलेला डबा डोक्यावर घेऊन खाली यायची. अशा सहा खेपा. तिची मान आखडायला लागली तेव्हा मालोजींनी गॅरेजच्या भंगारातून चार बेरिंग आणले, दोन लाकडी दांड्यांना लावले आणि ते दांडे माझ्या पोटाखाली बसवले.

अशा बेरिंगच्या गाड्या गावातल्या मुलांकडेही होत्या. मुलं त्यांवर बसायची आणि पायांनी पुढचा दांडा वळवायची. हिरू बसू शकत नव्हती, कारण बसायच्या जागेवर डबा असायचा. आधी तिने मला दोरीने ओढलं. उतारावर मी मागून जाऊन तिच्या घोट्यावर आदळायची. मग ती मागे राहून डबा धरू लागली. एके दिवशी पाणी फार हिंदकळायला लागलं, म्हणून डबा सावरायला तिने एक पाय माझ्यावर ठेवला. दुसरा पाय जमिनीवरून कधी उचलला गेला हे तिचं तिलाही कळलं नाही. खोलीपर्यंत आम्ही तशाच गेलो. पाणी काठोकाठ होतं.

त्या दिवसापासून हिरू उभ्यानेच यायची, पुढच्या दांड्याला बांधलेली दोरी ओढून मला वळवत. थांबायचं झालं की टायरच्या तळव्याची चप्पल रस्त्याला घासायची. तिच्या आईला, इंदूबाईंना, हे पटत नसे. त्या म्हणायच्या, "आगं, बाईच्या जातीनं असं रस्त्यात ताठ उभं ऱ्हाऊन यायचं? लोकं बघतात." हिरू म्हणायची, "पानी सांडत नाय ना आई, मग बघू दे."  मालोजी मात्र रविवारी मला उलटी करून बेरिंगना ग्रीस लावायचे.

हिरूच्या वर्गात उमा नावाची मुलगी होती. बाजारात तिच्या वडिलांचं औषधांचं दुकान होतं. त्यांना सगळं गाव अण्णा म्हणायचं. उमाचा काका परदेशात होता आणि तिकडची मासिकं पाठवायचा. एका दुपारी उमा एक मासिक घेऊन टाकीवर आली. त्यात एका मुलीचं चित्र होतं. मोकळे केस, आखूड चड्डी, आणि पायाखाली चार चाकांची छोटी फळी.

"हे बघ गं हिरू. ही अमेरिकेतली मुलगी. तुझ्यासारखीच उभी आहे."

हिरूने चित्र बराच वेळ न्याहाळलं. "अनवानी हाय ही," ती म्हणाली. "आन डबा कुठं हाय हिचा?"

"डबा नाही. ती पाणी नेत नाही."

"मग चाललीय कुठं?"

"कुठेच नाही. नुसती चालवते."

"नुसती?" हिरूने विचारलं. तिला ते खरं वाटेना. मग उमाने शब्दकोश घेऊन मासिकातल्या मजकुराचा अर्थ लावला. तिकडे मुलींच्या शर्यती होतात, पण तिकडेही काही लोक म्हणतात की हा खेळ मुलग्यांचा, मुलींनी यात कशाला यावं. "म्हंजे तिकडं पन इंदूबाई हायेत," हिरू म्हणाली, आणि दोघी हसत सुटल्या.

त्या संध्याकाळी हिरू पहिल्यांदा माझ्यावर डब्याशिवाय चढली, आणि चित्रातल्या मुलीसारखी दोरीशिवायही. मित्रांनो, मी आयुष्यभर ओझं वाहिलं होतं. कोणी नुसतं आनंदासाठी माझ्यावर उभं राहावं, हे मला त्या दिवशी माहीत झालं. पण वळणावर ती पडली, कारण दोरीशिवाय मी वळत नव्हते. तिने घरी जाऊन मालोजींना त्या चित्राबद्दल सांगितलं. मालोजींनी विचार केला आणि पुढच्या दांड्याचा बोल्ट काढून तो तिरका बसवला. दांडा आणि फळी यांच्यामध्ये टायरच्या रबराचे तुकडे घातले. "आता कलशील तिकडं वळंल," ते म्हणाले. आणि खरंच मी वळू लागले. हिरू जरा डावीकडे झुकली की मी डावीकडे. दोन वर्षं आम्ही त्या उताराचा इंच न् इंच ओळखून घेतला. गिरणीजवळचं वळण, मोरीवरचा उंचवटा, बाजाराच्या तोंडाशी पसरलेली खडी, सगळं आमच्या पायाखालचं झालं.

शहात्तर सालच्या सव्वीस जानेवारीला तिथल्या तरुण मंडळाने बेरिंगच्या गाड्यांची शर्यत ठेवली. टाकीपासून बाजारापर्यंत. पत्रकात लिहिलं होतं, 'खुली शर्यत, वय अठराच्या आत.' नाव उमाने नेऊन दिलं. तिने कागदावर लिहिलं, 'हि. मा. घारे.'

शर्यतीच्या दिवशी मंडळाच्या एका माणसाने यादी वाचली. हि. मा. घारे हे नाव आलं तेव्हा परकराचा काचा मारलेली हिरू पुढे झाली. तो माणूस यादीकडे आणि तिच्याकडे आळीपाळीने बघत राहिला आणि मग त्याने अण्णांना बोलावलं. अण्णा मंडळाचे अध्यक्ष आणि शर्यतीचे मुख्य पंच होते.

"ही मुलांची शर्यत आहे, बाळ," अण्णा हिरूला म्हणाले.

उमा मध्ये पडली. "अण्णा, पत्रकात खुली लिहिलंय. मुलांची असं कुठे लिहिलंय?"

लोक बघत होते. अण्णांना चारचौघांत मुलीशी वाद नको होता. ते म्हणाले, "बरं, हौस म्हणून येऊ दे. पण मागे उभी राहा."

म्हणून अकरा गाड्या पुढे लागल्या आणि आम्ही त्यांच्या मागे. सगळी मुलं बसलेली होती, हिरू एकटी उभी होती. काही जण हसले. शिट्टी वाजली आणि हसणं बेरिंगच्या खडखडाटात बुडून गेलं. पहिल्या पन्नास पावलांत दोन गाड्या एकमेकींना अडकून उलटल्या. हिरूने त्यांना वळसा घातला. बसलेल्या मुलांना पुढचं दिसत नव्हतं, तिला दिसत होतं. गिरणीच्या वळणावर मुलं पायाने दांडा ओढत वेग मोडत होती. ती फक्त झुकली. तिथून पुढे एकटा वाल्मिक राहिला. तो सोळा वर्षांचा, दणकट, आणि त्याची गाडी चांगली होती. मोरीवरच्या उंचवट्यावर त्याची गाडी आपटली आणि पुढच्या एका चाकाचा बेरिंग निसटला. तो तसाच घासत पुढे चालला होता. आम्ही त्याच्या बाजूने गेलो. चुन्याची रेघ आम्ही ओलांडली तेव्हा तो अजून खडीवरच होता.

हिरू थांबली तेव्हा तिच्या चपलेचा तळवा झिजून आरपार झाला होता.  बाजारातल्या चहावाल्याने टाळी वाजवली आणि त्याच्या मागून आणखी काहींनी. हिरूने मला उचलून छातीशी धरलं. तिचं काळीज माझ्या लाकडात वाजत होतं.

पंचांनी एका बाजूला जाऊन बराच वेळ बोलणी केली. मग अण्णा परत आले. "मुलीने धाडस दाखवलं, कौतुक आहे," ते म्हणाले. "पण गाडी ही बसून चालवायची असते. उभ्याने करणं हे सर्कशीतलं काम झालं. ती शर्यतीत धरता येणार नाही. पहिला नंबर वाल्मिकचा."

मालोजी गर्दीतून पुढे आले. "अण्णा, तसा नियम व्हता का?"

"सगळेच नियम लिहून ठेवायचे नसतात, मालोजी." अण्णांनी आवाज खाली आणला. "वयात आलेली पोर आहे. उद्या तिचं लग्न व्हायचंय. सगळ्या गावात तिची चर्चा झालेली तुला चालेल का? मी तुझ्या भल्याचंच सांगतोय."

मालोजींनी मान खाली घातली. मित्रांनो, त्यांनीच मला घडवलं, त्यांनीच बोल्ट तिरका बसवला. तरीही त्या खाली घातलेल्या मानेबद्दल मी त्यांना आजवर माफ केलेलं नाही.

वाल्मिकला चषक मिळाला. हिरूला उत्तेजनार्थ म्हणून हळदीकुंकवाचा करंडा दिला. तिने तो घेतला, कारण न घेतला असता तर उद्धट म्हणूनही तिचंच नाव झालं असतं.

पण खरी गोष्ट यानंतर घडली. फोटोवाल्याने विजेत्याला गाडीसह उभं राहायला सांगितलं. वाल्मिकची गाडी तर मोडली होती. "मोडकी गाडी फोटोत बरी दिसत नाही, एखादी धड आणा," फोटोवाला म्हणाला. मंडळाचा माणूस हिरूकडे आला. "जरा दे गं, फोटोपुरती." आणि तिच्या हातातून मला काढून नेलं. वाल्मिकने माझ्यावर एक पाय ठेवला. त्याने हिरूकडे एकदा पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, "लगेच देतो." आणि त्याने खरंच मला लगेच परत दिलं. दिलं नाही ते बाकीचं सगळं.

तो फोटो मंडळाच्या कचेरीत लागला. चषक हातात धरलेला वाल्मिक, आणि त्याच्या पायाखाली मी. खाली लिहिलेलं, 'बेरिंग-गाडी शर्यतीचा विजेता.'

त्यानंतर हिरूचं बाहेर पडणं कमी झालं. इंदूबाई स्वतः डोक्यावरून पाणी आणू लागल्या, आणि नववी झाल्यावर हिरूची शाळा सुटली. मी दाराआड उभी असायची. एकदा उमा आली होती. "त्या दिवसापासून मी अण्णांशी बोलत नाही," ती म्हणाली. हिरू तांदूळ निवडत होती. "बोल गं," ती म्हणाली. "तू न बोलून माझा नंबर येनार हाय का?" उमा रडली. हिरू रडली नाही. पुढे उमा शिकायला पुण्याला गेली आणि ती मैत्री तिथेच संपली.

अठ्ठ्याहत्तर साली हिरूचं लग्न पोशीरच्या कान्हाशी झालं. त्यांच्या घरी म्हशी होत्या. दुधाचा कॅन घरापासून सडकेपर्यंत न्यायला उपयोगी पडेल म्हणून मालोजींनी भांड्यांबरोबर मलाही पाठवलं. मला पुन्हा दोरी लागली. नऊ वर्षं मी कॅन वाहिला. सासरी सगळ्यांना मी दुधाची गाडी म्हणून माहीत होते. हिरू मला ओढत नेताना कधीच माझ्यावर पाय ठेवत नसे. रस्ता सपाट होता हे खरं, पण कारण ते नव्हतं.

सत्त्याऐंशी सालच्या जानेवारीत गावच्या शाळेत स्नेहसंमेलन होतं. हिरूची मुलगी बुधी तेव्हा तिसरीत होती. हिरू रिकामा कॅन घेऊन परतत होती, तेव्हा शाळेच्या कुंपणातून तिला पाहुण्यांचं भाषण ऐकू आलं. पाहुणा वाल्मिक होता. तो आता मुंबईत नोकरीला होता, आणि त्याने एक परदेशी फळी आणली होती. रंगवलेली, पोपटी मऊ चाकांची, जिला स्केटबोर्ड म्हणतात. टेबलावर त्याच फोटोची प्रत ठेवली होती. गुरुजी मुलांना सांगत होते, "आपल्या भागात उभ्याने गाडी चालवणारे पहिले खेळाडू आज आपल्यासमोर आहेत."

वाल्मिकने ते खोडलं नाही. अकरा वर्षांपूर्वी त्याने नंबर घेतला होता. आता तिचं उभं राहणंही घेतलं.

हिरू मला ओढत थेट अंगणात गेली. कॅन खडखडला तेव्हा सगळ्यांनी वळून पाहिलं.

"वाल्मिक," ती म्हणाली, "ह्या फोटोत तुज्या पायाखाली कुनाची गाडी हाय?"

त्याने तिला ओळखलं. मी त्याच्या इतकी जवळ होते की त्याच्या चेहऱ्यावरून ते मला स्पष्ट दिसलं. त्याने माझ्याकडेही पाहिलं.

"मंडळाची असेल," तो म्हणाला. "इतकं जुनं कोणाला आठवतंय, ताई?"

"मला आठवतंय."

"बाई, कार्यक्रम चालू आहे," गुरुजी म्हणाले. "तुमचं काय असेल ते नंतर ऐकू."

अंगणात त्या परदेशी फळीवर चढायला मुलांची रांग लागली होती. मुली मागे सतरंजीवर बसवलेल्या होत्या. हिरूने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. साक्ष द्यायला तिथे कोणी नव्हतं. "बुधी, हिकडं ये," ती म्हणाली. बुधी उठली. हिरूने कॅन कुंपणाला टेकवला, माझी दोरी सोडली आणि आम्हाला फाटकाबाहेर घेऊन गेली. तिथे सडक मोरीकडे थोडी उतरते. तिने बुधीला माझ्यावर उभं केलं. "पुढं बग. पायाकडं बगू नको. कलशील तिकडं वळंल."

बुधी चार पावलांवर पडली. गुडघा फुटला. गुरुजी धावत आले. "लागलं ना तिला? उचला आधी."

"पडू द्या, गुरुजी," हिरू म्हणाली. "तुमच्या अंगनात पोरं मघापासनं पडतायत. त्यांना कुनी उचललं नाय."

बुधी उठली. पुन्हा पडली. तिसऱ्यांदा ती मोरीपर्यंत गेली. इतक्या हलक्या अंगाचं कोणी माझ्यावर आजवर उभं राहिलं नव्हतं. फाटकाशी मुली गोळा झाल्या होत्या. दोघी तर बाहेर आल्या. वाल्मिकही येऊन उभा राहिला होता. गाडी हिरूची, एवढं एकच वाक्य पुरलं असतं. तेव्हाही बोलता आलं असतं. मग गुरुजींनी घंटा वाजवली आणि मुलींना आत बोलावलं. वाल्मिकही आत गेला.

संध्याकाळपर्यंत गोष्ट गावभर झाली. कान्हा वाईट माणूस नाही, त्याने हिरूवर कधी हात उगारलेला मी पाहिलेला नाही. पण त्या दिवशी तो उंबऱ्यात बसून म्हणाला, "पाव्हन्याला भर सभेत खोटं पाडलंस. आता मानसांत त्वांड कसं दाखवू मी?"

"मी खोटं बोलले का?" हिरूने विचारलं.

"खरं-खोटं कोन बगतो? कशाला गेलीस?"

दुसऱ्या दिवशी त्याने माझे चारही बेरिंग काढले आणि विहिरीच्या रहाटाला लावले. कॅनसाठी सायकल आली. मला त्याने चुलीजवळ टाकलं.

हिरू मात्र थांबली नाही. नववीपर्यंत शिकलेल्या अक्षरात तिने मंडळाला पत्र लिहिलं. चषक नको, बक्षीस नको, फोटोखाली एक ओळ वाढवा, एवढीच मागणी. ते पत्र घेऊन ती खोपोलीला गेली. अण्णा आता थकले होते, पण अध्यक्ष तेच होते. ते म्हणाले, बैठकीत बघू. महिन्याने ती पुन्हा गेली, तेव्हा कचेरी बंद होती. तिसऱ्यांदा गेली आणि परत आल्यावर माझ्यावर बसली, पाय पसरून, पिशवीही न सोडता. बुधीने विचारलं, "आये, लिवलं का त्यांनी?"

"फोटोच काडून टाकला," हिरू म्हणाली. "अण्णा बोलले, वाद नको म्हनून काडला. भिताडावर खिळा हाय नुसता."

"मंग आता त्यो नंबर कुनाचाच नाय?"

"आता कुनाचाच नाय."

तिचं सगळं वजन माझ्यावर होतं. त्या संध्याकाळी मी तिला पहिल्यांदा रडताना ऐकलं. एक ओळ लिहिण्यापेक्षा त्यांना भिंत रिकामी ठेवणं सोपं वाटलं.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, तेल लावा, पावसात टाकू नका. मला त्यातलं काही नको. लाकूड आज ना उद्या चुलीत जायचंच. पण उद्या तुमच्या गावात एखादी मुलगी काही करील, आणि लोक म्हणतील, असं करणारी ही पहिलीच. तेव्हा जरा थांबा. तिच्या आधीची कोण होती आणि तिला मागे कोणी उभं केलं, ते विचारा. असं विचारलेलं लोकांना आवडत नाही. तुम्हालाही म्हणतील, वाद नको. तरी विचारा, आणि उत्तर मिळालं की तिथल्या तिथे वहीत टिपून ठेवा, कारण भिंतींचा भरवसा नाही.

आत्ता हातात पेन्सिल असेल तर लगेच सुरुवात करा. हिरू मालोजी घारे. टाकी ते बाजार. सव्वीस जानेवारी एकोणीसशे शहात्तर. उभ्याने. पहिला नंबर.